पाठ होती : 'अंधाधुन' पाहून काही प्रश्न

१

आपल्या चळवळीतल्या पोरांचं सिनेमाबाबत एक ठरून गेलेलं आहे. रात्री मोबाईलवर बघायचा नि दुसऱ्या दिवशी बैठकीत त्याला शिव्या घालायच्या. भांडवलदारांचा धंदा, सवर्णांची करमणूक, अफूची गोळी, असे चार ठेवणीतले शब्द फेकले की झाली समीक्षा. मला हे पटत नाही. जे आपण चोरून बघतो त्यावर उघड्यावर बोललं पाहिजे. 'फँड्री', 'कोर्ट', 'सैराट' यांच्यावर आपण पानंच्या पानं लिहितो, कारण त्यात आपण दिसतो. पण ज्या सिनेमात आपण नाही, किंवा आहोत पण ओळखू येत नाही, त्यावर कोण लिहिणार? मुंबईच्या पेपरातले समीक्षक? ते तारे वाटतात. पायलीने भात मोजावं तसं सिनेमा मोजतात, पाचपैकी चार, पाचपैकी साडेचार. त्यापुढे त्यांना काही विचारायचं नसतं.

म्हणून या वेळी श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' घेतो. ५ ऑक्टोबर २०१८ ला आलेला हिंदी सिनेमा. प्रेम, खून, फसवणूक, विश्वासघात, सगळा माल ठासून भरलेला. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. आयुष्मान खुरानाला अभिनयाचा पुरस्कार मिळाला, विकी कौशलबरोबर विभागून. २०१९ साली चीनमध्ये गेला, तिथेही धो धो चालला. पुढे तेलुगू, मल्याळम, तमीळमध्ये पुन्हा काढला गेला. मूळ कल्पना २०१० सालच्या एका छोट्या फ्रेंच फिल्मवरून घेतलेली आहे. पण सिनेमा घडतो पुण्यात. आमच्या संगमेश्वर तालुक्यातली किती पोरं त्या पुण्यात वॉचमन आहेत, वॉर्डबॉय आहेत, कुणाच्या सोसायटीत लिफ्टपाशी स्टुलावर बसून आहेत. म्हणजे हा सिनेमा परका नाही. ज्या इमारतीत तो खून होतो तिच्या गेटवर आपलाच कुणीतरी उभा असणार.

आधीच सांगून ठेवतो, मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. शेवट झाकून लिहायचं ते जाहिरातवाल्यांनी. ज्यांना आधी बघायचा आहे त्यांनी हे पान दुमडून ठेवावं.

२

गोष्ट अशी. आकाश नावाचा एक तरुण पियानो वाजवतो. तो आंधळा आहे. म्हणजे नाही. त्याला चांगलं स्वच्छ दिसतं, पण त्याने आंधळेपणाचं सोंग घेतलंय. कशाला? तर कलेसाठी. डोळे मिटले की कान उघडतात, संगीतात एकाग्रता येते, म्हणून हा प्रयोग. सोफी नावाच्या मुलीच्या स्कूटरचा त्याला धक्का लागतो. ओळख होते, प्रेम होतं. तिच्या बापाच्या हॉटेलात त्याला वाजवायचं काम मिळतं. तिथे त्याला भेटतो प्रमोद सिन्हा, सत्तरच्या दशकातला उतरलेला नट. ही भूमिका अनिल धवनने केली आहे, म्हणजे खरोखरच त्या काळातल्या नटाने. लग्नाच्या वाढदिवशी बायकोला गंमत म्हणून प्रमोद या आंधळ्याला घरी वाजवायला बोलावतो.

आकाश जातो. दार उघडते बायको, सिमी. तब्बूने केली आहे. समोरची म्हातारी शेजारीण, मिसेस डिसा, दारातून बघत असते, त्यामुळे सिमीला त्याला परत पाठवता येत नाही. आंधळाच आहे, त्याला काय दिसणार, म्हणून ती आत घेते. आत जमिनीवर नवऱ्याचं प्रेत पडलंय. बाथरूममध्ये तिचा प्रियकर लपलाय. आकाशला सगळं दिसतं. तो पियानोवर बसतो नि वाजवत राहतो.

हा प्रसंग अव्वल आहे. इथे दिग्दर्शकाला दाद दिली पाहिजे, आपण काही दगड नाही. पियानो चालू आहे नि त्याच्या पाठीमागे दोघं जणं हातवारे करत, एक शब्द न बोलता, प्रेत बॅगेत कोंबतायत, रक्त पुसतायत. आपल्याला हसू येतं नि त्या हसण्याची लाजही वाटते. संगीत थांबलं तर वाजवणारा मरणार. संगीत चालू राहिलं तर खुनाची साफसफाई त्याच सुरांवर पार पडणार. सुंदर कलेच्या आडोशाला काय काय उरकलं जातं, याचं इतकं नेमकं चित्र मी मराठी नाटकात नि कवितेतही फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

पुढे आकाश पोलीस ठाण्यात जातो. खून पाहिला म्हणून सांगायला. तिथे कळतं की ज्या इन्स्पेक्टरला सांगायचं तोच तो बाथरूममधला माणूस. मनोहर त्याचं नाव. आकाश शब्द गिळतो नि माझं मांजर कुणी मारलं अशी काहीतरी तक्रार सांगून सुटतो. शेजारीण डिसाबाई मात्र पोलिसाला सांगते की त्या दिवशी त्या घरात कुणी माणूस होता. सिमी ते ऐकते नि म्हातारीला इमारतीवरून ढकलून देते. आकाशच्या डोळ्यांदेखत. तो परत आंधळाच राहतो.

मग सिमीला संशय येतो, ती त्याचं सोंग पकडते नि त्याला विष घालते. तो खरोखर आंधळा होतो. त्याच वेळी शेजारच्या एका पोराने काढलेल्या व्हिडिओवरून सोफीला कळतं की हा डोळस आहे. ती निघून जाते. मनोहर त्याला मारायला येतो. पळताना आकाश खांबावर आदळून बेशुद्ध पडतो नि शुद्धीवर येतो तो डॉक्टर स्वामीच्या बेकायदेशीर दवाखान्यात. तिथे माणसांचे अवयव काढून विकतात. रिक्षावाला मुरली नि लॉटरी विकणारी सखू हे डॉक्टरचे हस्तक. पुढे अपहरण, खंडणी, एकाने दुसऱ्याला फसवणं. मुरली गोळी लागून मरतो. मनोहर लिफ्टमध्ये अडकून स्वतःच्याच गोळीने मरतो. पैसे खोटे निघतात.

शेवटी दोन वर्षांनी आकाश युरोपात कार्यक्रम करताना सोफीला भेटतो. डॉक्टर सिमीचे डोळे काढून त्याला देणार होता, पण आपण नको म्हटलं, सिमी अपघातात मेली, अशी मोठी हकीकत सांगतो. सोफी हळहळते. तो काठी घेऊन बाहेर पडतो. वाटेत पत्र्याचा एक डबा पडलेला असतो. तो काठीने नेमका नेम धरून डबा उडवतो. सिनेमा संपतो. म्हणजे त्याला दिसतंय. म्हणजे डोळे घेतले. म्हणजे आत्ताच सांगितलेली हकीकतही थाप.

३

आता सोंगाचं बघू.

बाबुराव बागुलांचा कथासंग्रह १९६३ साली आला, 'जेव्हा मी जात चोरली होती'. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पुस्तक किती जणांनी वाचलंय हे विचारत नाही. आकाश आंधळेपण आणतो, बागुलांचा माणूस जात चोरतो. दोघंही सोंग घेतात. पण दोन सोंगांची जात एक नाही.

आकाशला सोंगातून काय मिळतं? सहानुभूती, काम, एक प्रेमळ मुलगी, लोकांची कणव. नि त्याच्याकडे डोळे तसेच शिल्लक आहेत. रात्री खोलीवर आला की तो चष्मा काढून ठेवू शकतो. वाटलं तर उद्या प्रयोग बंद. हे वरच्या माणसाचं सोंग आहे, हौसेचं. खऱ्या आंधळ्याला या शहरात बस धरताना काय होतं, फूटपाथवरच्या उघड्या गटारात पाय कसा जातो, ते त्याच्या प्रयोगात येत नाही. आंधळ्याचं दुःख सोडून आंधळ्याचं भांडवल तेवढं त्याने उचललं.

जात चोरणाऱ्याला काय मिळतं? डोक्यावर छप्पर, तेही उघडकीला येईपर्यंत. आमच्या कोकणात तर याची वेगळीच तऱ्हा. इथे जाधव, पवार, कदम, मोहिते ही आडनावं दोन्हीकडे आहेत. आडनावावरून समोरच्याला छडा लागत नाही. मग विचारतात, वाडी कुठली? त्या एका प्रश्नाला आमची पोरं पुण्यामुंबईत खोली शोधताना काय काय उत्तरं देतात ते मी ऐकलंय. कुणी शेजारच्या वाडीचं नाव सांगतो, कुणी नुसतंच देवरूख म्हणतो नि विषय बदलतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की नाही, यावर तीन पोरं रात्रभर वाद घालतात. त्यांना रात्री काढून ठेवायला चष्मा नसतो. त्यांच्या सोंगाला प्रयोग म्हणायची कुणाची छाती आहे का?

म्हणून फसवणूक म्हटल्यावर आपण लगेच नीतीचा दंडुका उगारायचा नाही. आधी विचारायचं, कोण कुणाला फसवतंय नि कशासाठी? घर मिळावं म्हणून खोटं बोलणारा नि टाळी मिळावी म्हणून खोटं बोलणारा, या दोघांना एकाच कोर्टात उभं करणारी समीक्षा मला नको. हिंदी सिनेमा मात्र धोका हा एकच शब्द वापरतो नि सगळे धोके एका मापाने मोजतो.

४

पण या सिनेमात माझं मन जिथे अडकलं ती जागा प्रेमाची नाही नि खुनाचीही नाही. ती साक्षीदाराची आहे.

नीट मोजा. पहिला खून आकाशने पाहिला. तो गप्प बसला. भीती होती, समजू शकतो. ठाण्यात खुनीच खुर्चीत बसलाय हे कळल्यावर गप्प बसला, तेही समजू शकतो. आपल्या माणसाला तर तो प्रसंग बघताना काहीच नवल वाटायचं नाही. ज्याच्याविरुद्ध फिर्याद द्यायची त्याचाच मेहुणा, भाचा किंवा जेवणावळीतला सोबती ठाण्यात असतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय. थिएटरात लोक त्या प्रसंगाला हसले. मला हसू आलं नाही. पण त्याच्या गप्प बसण्याची किंमत कुणी दिली? डिसाबाईने दिली. एकटी म्हातारी, जिने जे पाहिलं ते सरळ सांगितलं. सबंध सिनेमात खरं बोलणारा साक्षीदार ती एकच. नि तिला दिग्दर्शकाने एका मिनिटात खाली फेकलं. पुढे तिचं कुणी नाव काढत नाही. आकाशही नाही. त्याला नंतर पस्तावा होतो तो डोळे गेल्याचा, म्हातारी गेल्याचा नव्हे.

आता सिनेमा बाजूला ठेवा नि खर्डा आठवा. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४. आपला सतरा वर्षांचा पोरगा, शाळेत शिकणारा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या रागावरून दिवसाढवळ्या मारून टाकला. रात्रीच्या अंधारात नाही, जंगलात नाही. गाव जागं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. आरोपी निर्दोष सुटले. कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, आम्ही पाहिलं नाही.

'अंधाधुन' त्याच्या पुढच्या वर्षी आला. त्या निकालाशी त्याचा काही संबंध नाही, दिग्दर्शकाच्या मनातही नसेल. पण माझ्या मनात आहे नि बघणारा मी आहे. डोळे असून आंधळेपणाचं सोंग घेणारा नायक पडद्यावर बघताना मला एकटा आकाश दिसत नाही. मला कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहून मान खाली घालणारं गाव दिसतं.

आमच्या भागातही असं पाहिलंय. एका गावात वाटेवरून भांडण झालं. आमच्या दोघांची डोकी फुटली. भातलावणीचे दिवस होते, आजूबाजूच्या मळ्यांत माणसं वाकलेली होती. पंचनाम्याच्या वेळी एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. "मी काय बगलंन नाय. माजी पाट व्हती." आठ-दहा माणसं, नि सगळ्यांची पाठ एकाच बाजूला. लावणीत पाठ कुठेही असू शकते हे खरं. पण कानाला तर पाठ नसते ना! आरडाओरडा ऐकून एकानेही वळून बघू नये?

तरी त्या माणसांना नुसतं भेकड म्हणून भागत नाही. कारण बघितलं पाहिजे. साक्ष देणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं. त्याला त्याच खोताच्या नातवाकडून नांगर मागायचा असतो, होळीला त्याच मांडवात उभं राहायचं असतं. कोकणात वाळीत टाकण्याची दहशत अजून गेलेली नाही. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो २०१७ पासून लागू झाला, यावरूनच ती किती खोल आहे ते कळतं. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदारांच्या हक्कांचं नवं प्रकरण आलं. संरक्षण, प्रवासखर्च, सुनावणीच्या काळातला निर्वाह, सगळं त्यात लिहिलंय. डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे 'अंधाधुन' आल्यावर दोनच महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. कागद तयार आहेत. पण कागद वाडीपर्यंत कोण नेणार? साक्षीदाराला तालुक्याच्या कोर्टात घेऊन जाणारा, त्याच्याबरोबर बाकड्यावर बसणारा, तारीख पडली की त्याला वडापाव खायला घालून शेवटच्या एसटीने परत आणणारा कोण? ते काम आपलं. त्याला टाळ्या नाहीत, त्याचा फोटोही कुणी काढत नाही.

५

आता मुरली नि सखूकडे येऊ. इथे मी दिग्दर्शकाशी भांडणार आहे.

सिमी खुनी आहे. दोन खून करते, तिसऱ्याला विष घालते. पण तिला चांगली साडी आहे, फिरकी आहे, भीती आहे, हताशपणा आहे. तब्बूच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, ती का असं करते याचा आपण विचार करतो. मनोहरला घर आहे, त्याला धारेवर धरणारी बायको आहे. आकाशला तर कला आहे. मुरली नि सखूला काय आहे? हाव. बस्स. रिक्षावाला नि लॉटरी विकणारी बाई रस्त्यात पडलेल्या आंधळ्याला उचलतात ते दवाखान्यात पोचवायला नाही, कापायला. श्रीमंताचा गुन्हा म्हणजे शोकांतिका नि गरिबाचा गुन्हा म्हणजे विनोद, ही हिंदी सिनेमाची जुनी खोड 'अंधाधुन'नेही सोडलेली नाही.

सखूचं काम छाया कदमने केलंय. हीच बाई 'फँड्री'त जब्याची आई होती. डोक्यावर पदर, हातात काम, पोटात काळजी. त्याच चेहऱ्याला पुण्यात आणून लॉटरीचं तिकीट हातात दिलं नि माणसांचे अवयव विकायला बसवलं. नटी म्हणून ती सरसच, चार प्रसंगांत लक्षात राहते. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. माझा प्रश्न लिहिणाऱ्याला आहे. ही सखू पुण्यात कुठून आली? कुठल्या दुष्काळातून, कुठल्या वस्तीतून? लॉटरीचा धंदा पुरत नाही म्हणून ती इथवर पोचली की आणखी कशामुळे? सिमीच्या कपाटातल्या बांगड्यांपर्यंत कॅमेरा पोचतो, सखूच्या घरापर्यंत का पोचत नाही?

अशा बाईला आपण रस्त्यात 'मावशी' म्हणून हाक मारतो. शहरात हा शब्द फार स्वस्त झालाय. दवाखान्यातली झाडूवाली मावशी, ऑफिसातली चहावाली मावशी. नाव विचारायचं नसलं की मावशी. आमच्या देवरूखात या शब्दाला वजन आहे. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली इथे मातृमंदिर सुरू केलं, आडल्यानडल्या बायांची बाळंतपणं केली, टाकलेली पोरं सांभाळली. सगळा तालुका त्यांना मावशी म्हणायचा. रस्त्यात पडलेल्याला मावशी उचलते ती वाचवायला, हे देवरूखच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या शब्दाच्या अगदी उलट टोकाला सिनेमाने सखूला नेऊन उभं केलं.

नि अवयवांचा व्यापार तरी खरा कसा चालतो? मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालचा. अवयव विकणं, विकत घेणं, दलाली करणं, सगळे गुन्हे आहेत. तरी किडनीची वाट ठरलेली आहे, गरिबाच्या पोटातून श्रीमंताच्या पोटात. २०२२ साली याच पुण्यातलं किडनीचं एक प्रकरण गाजलं. एका गरजू बाईला पैशाचं आमिष दाखवून, कागदोपत्री रुग्णाची बायको म्हणून उभी करून तिची किडनी काढून घेतल्याचा आरोप झाला. थांबून विचार करा. प्रेम, लग्न, फसवणूक, विश्वासघात, सगळं त्या एका प्रकरणात आहे. खोटी बायको, खोटा नवरा, खरी किडनी. याहून मोठा थ्रिलर कुठला? पण त्याचा सिनेमा निघत नाही, कारण तिथे कापली जाणारी सखू असते नि तिच्यासाठी पियानो वाजत नाही. 'अंधाधुन'मध्ये ही वाट उलटी फिरवलीय. इथे गरीब कापणारे नि कलावंत कापला जाणारा. बघणाऱ्याची सगळी भीती कुणाची? रिक्षावाल्याची.

एवढं मात्र खरं की दिग्दर्शकाने साखळीचं वरचं टोक लपवलेलं नाही. सगळ्यात वर डॉक्टर आहे, गोडबोल्या, हिशोबी, नि त्याच्या वर दुबईचा गिऱ्हाईक शेख. मुरली मरतो, सखूच्या हातात खोट्या नोटा येतात. खालच्याच्या वाट्याला खोटे पैसे, हे सिनेमा दाखवून जातो. मुद्दाम की नकळत, मला माहीत नाही.

६

आमच्या अभ्यासमंडळात हे बोललो तेव्हा एक मित्र वैतागला. म्हणाला, "अरे दादा, हा थ्रिलर आहे. दोन घटका मजा. यात जात कुठून आणतोस?" प्रश्न योग्य आहे, टाळून चालणार नाही.

माझं उत्तर असं. या सिनेमात जात नाही, हीच त्याची मुख्य गोष्ट आहे. प्रेम कुणाचं कुणाशी? आकाशचं सोफीशी. तिचा बाप, हॉटेलचा मालक, या अनोळखी पियानोवाल्याला एकदाही विचारत नाही, तू कुठला, कुणाचा? सिमी नि मनोहर, दोघं लग्नाची माणसं, त्यांना अडवणारं फक्त लग्न. हिंदी रोमँटिक थ्रिलरमध्ये प्रेमाचा शत्रू नेहमी घरातच असतो, बिछान्यात किंवा तिजोरीत. गाव नसतं, भावकी नसते, वाडी नसते. देवरूखच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोराला किंवा पोरीला विचारा, प्रेमात धोका म्हणजे काय? बेवफाई वगैरे त्याच्या मनात नंतर येईल. पहिलं येईल ते हे, की तिच्या घरी कळलं तर?

नि धोका कसा दिला जातो ते सोनईने दाखवलंय. नेवासा तालुका, १ जानेवारी २०१३. मेहतर समाजातले तीन तरुण. त्यातल्या एकाचं वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं. तिघांना बोलावून घेतलं ते संडासाची टाकी साफ करायची आहे असं सांगून. ज्या कामाला जातीने जुंपलं त्याच कामाचं निमित्त करून त्यांना मरणाच्या दारी आणलं. सिमीने आकाशला विष घातलं त्यापेक्षा हा विश्वासघात किती पटींनी थंड आहे! जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्यावर सहा जणांना फाशी सुनावली. खटला पुढे वरच्या कोर्टात गेला. खर्ड्याचा निकाल नि सोनईचा निकाल यांत जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. एकात पाहणारे होते नि ते उलटले, दुसऱ्यात वस्तू नि धागेदोरे बोलले. माणसांपेक्षा वस्तू जास्त प्रामाणिक निघाल्या, हे कुठल्याही समाजाने मान खाली घालून वाचावं.

मित्राला मी म्हटलं, राघवनने सोनईवर सिनेमा काढायला हवा होता असं मी म्हणत नाही. त्याने त्याला दिसतं ते काढलं, नि उत्तम काढलं. पण मजा घेताना आपल्याला हे माहीत असावं की ज्या जगात प्रेमाला फक्त नवरा-बायको आडवे येतात ते जग थोड्यांचं आहे. बाकीच्यांचा थ्रिलर अजून लिहायचा आहे नि तो लिहिणारी पोरं याच पानांवर हात बसवतायत.

७

शेवटाकडे येतो.

'फँड्री' २०१३ सालचा. नागराज मंजुळेने शेवटी जब्याच्या हातात दगड दिला. सबंध सिनेमाभर जब्या लपतोय. शाळेतल्या पोरांनी, विशेषतः त्या मुलीने, आपल्याला डुक्कर धरताना बघू नये म्हणून झुडपाआड दडतोय. गाव कुंपणाशी उभं राहून बघतंय, हसतंय. नि शेवटी तो दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर. म्हणजे बघणाऱ्यावर. तू पाहिलंस, तू हसलास, हा घे.

'अंधाधुन'च्या शेवटी आकाश काठीने पत्र्याचा डबा उडवतो. डबा बाजूला घरंगळतो. कुणालाही लागत नाही. बघणारा खूश होतो, साल्याने बनवलं! घरी जाताना चर्चा एकच, त्याने डोळे घेतले की नाही घेतले. कुणाचे घेतले, कुणी कापले, नि पहिल्याच दिवशी बोलला असता तर डिसाबाई वाचली असती का, हे कुणी विचारत नाही. सोंग घेणारा शेवटी सगळं मिळवतो. डोळे परत, युरोपात कार्यक्रम, वर लोकांची कणवही शाबूत. सोफीसारखी भली मुलगी पुन्हा त्याच्यासाठी हळहळते.

माझ्या वाचनात सिनेमाचा खरा प्रामाणिकपणा इथेच आहे, नि तो मला मान्य आहे. दिग्दर्शक आकाशला शिक्षाही करत नाही नि पवित्रही करत नाही. तो सांगतो, हा माणूस असाच आहे, याला दिसतं नि हा सांगत नाही, नि तुम्ही त्याला टाळ्या देता. सिनेमा तिथे थांबतो. पुढे जायचं की नाही हे बघणाऱ्यावर आहे. पेपरातले समीक्षक त्या डब्याशी खेळत बसले. आपण बसू नये.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तालुक्यातल्या आपल्या अभ्यासमंडळांनी 'अंधाधुन' नि 'फँड्री' लागोपाठच्या दोन रात्री दाखवावेत. बौद्धवाडीतल्या विहारात पांढरी चादर बांधली तरी पुरे. म्हाताऱ्या बाया नि शाळकरी पोरं बोलवावीत, शेजारच्या वाडीतली जी येतील तीही. दुसऱ्या रात्री चर्चेला एकच प्रश्न ठेवावा, मला दिसलं असतं तर मी काय केलं असतं? खोटं उत्तर देणाऱ्याला कुणी हसू नये. जे भीती वाटते म्हणतील त्यांची भीती कशाची, नांगराची की वाटेची की पोरीच्या लग्नाची, ते वहीत लिहून घ्यावं. साक्षीदारांचे हक्क सांगणारं ॲट्रॉसिटी कायद्यातलं ते प्रकरण मराठीतून मोठ्याने वाचून दाखवावं. नि तालुक्याच्या कोर्टात आपल्या ज्या केसेस चालू आहेत त्यांच्या पुढच्या तारखा फळ्यावर लिहून, कुठल्या साक्षीदाराबरोबर कोण जाणार ती नावं त्याच रात्री ठरवून उठावं.